घोडा लोळतोय? तेलाची बाटली आधी खाली ठेवा

गणपती झाले की अलिबागेत आमचा कुत्र्या-घोड्यांचा दवाखाना सुरू होतोय. आजवर आम्ही स्कूटरवरून घरोघर फिरलो. त्या फिरतीत एक गोष्ट इतक्यांदा पाहिली की ती आधीच लिहून देतो.

किनाऱ्यावर फेरी मारणारे घोडे, ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे घोडे. शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की सोमवारी फोन: "डॉक्टर, घोडा लोळतोय, सारखा कुशीकडे बघतोय." म्हणजे पोट दुखतंय. काही पाजलंत का? "छे, काही नाही." जाऊन बघावं तर घोडा खोकतोय आणि नाकपुडीतून गोडं तेल गळतंय. मान वर ओढून बाटलीनं ओतलेलं तेल श्वासनळीत उतरलेलं असतं. मग पोट राहतं बाजूला आणि आम्ही न्युमोनियाच्या मागे. पाजलं असेल तर खरं सांगा, आम्ही ओरडत नाही. (थोडंसं ओरडतो.)

घोड्याला उलटी होत नाही. साचलेलं वर यायला वाट नसल्यानं जठर फुटूही शकतं. म्हणून आम्ही नाकातून जठरापर्यंत नळी घालतो, आधी वायू-पाणी काढतो, मग लागलंच तर तेल. "एका नळीचे एवढे पैसे?" पैसे नळीचे नाहीत हो, ती फुफ्फुसाकडे गेली नाही ना, हे ओळखण्याचे आहेत. आणि याच कारणानं फोनवर औषध सांगत नाही.

आम्ही पोचेपर्यंत दाणा-वैरण बंद. जबड्याखाली बोट लावून नाडी मोजा: शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४. साठच्या पुढे असेल तर तसं सांगा, हातातलं काम टाकून निघतो. ताजी लीद बादलीतल्या पाण्यात कालवून ठेवा. तळाला वाळू बसली तर अर्धं निदान तुम्हीच केलंत. वैरण वाळूवर टाकू नका, घमेल्यात द्या.

कुत्रेवाल्यांनी माणसाची अंगदुखीची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेननं जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. गोचिडी दिसल्या आणि ताप असला तर रक्त तपासूनच औषध देऊ. रेबीजच्या लशीची तारीख आम्ही वहीत लिहून ठेवतो, आठवणही करतो.

घोड्यांना धनुर्वाताची लस राहिली असेल तर शेजारच्या घोडेवाल्यांना विचारून एकत्र बोलवा. एका आळीत पाच घोडे असले तर फेरीचे पैसे एकदाच.