जत्रेच्या मैदानापासून डाउनटाउनपर्यंत: कोलंबस क्रूच्या दोन स्टेडियमांची पार्श्वभूमी

फक्त फुटबॉलसाठी बांधलेलं स्टेडियम हवंच, हा अमेरिकेतल्या क्लबांचा आज जवळजवळ हट्ट झाला आहे. या हट्टाचं मूळ ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबसमध्ये, सरकारी जत्रेच्या मैदानाला लागून सापडतं.

१९९४चा विश्वचषक अमेरिकेला मिळाला तो देशात व्यावसायिक लीग सुरू करण्याच्या बोलीवर. त्यातून १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, उभी राहिली. संघ दहा, पण खास फुटबॉलसाठी बांधलेलं मैदान एकाकडेही नव्हतं. कोलंबस क्रू या तिथल्या क्लबच्या वाट्याला आलं ओहायो स्टेट विद्यापीठाचं १९२२चं, अमेरिकन फुटबॉल या वेगळ्याच खेळासाठी बांधलेलं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम. आसनं नव्वद हजारांच्या घरात, आणि मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक. पंधरा-वीस हजार लोक आले तरी गॅलऱ्या ओस दिसायच्या. मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे पहिल्या दोन मोसमांतले सामने ज्यांनी नेरूळला डी. वाय. पाटीलवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर पाहिले, त्यांना हे अंतर वेगळं समजवायला नको.

अडचण नुसत्या माहोलाची नव्हती. अमेरिकन फुटबॉलचं मैदान जेमतेम ४९ मीटर रुंद असतं, आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला किमान ६४ मीटर लागतात. त्यामुळे अशा स्टेडियमात एक तर कडेची जागा अपुरी, नाहीतर गवतावर दुसऱ्याच खेळाच्या पट्ट्या. पण खरा फटका बसायचा गल्ल्यावर. पार्किंग, खाण्यापिण्याचे स्टॉल, जाहिरातींचे फलक यांतली मलई बहुतेक ठिकाणी स्टेडियमच्या मालकाकडे. भाडं भरून सामन्याच्या तारखाही त्याच्या सोयीने घ्यायच्या. पहिल्या पाच वर्षांत लीगने सुमारे २५ कोटी डॉलर गमावले असं मानलं जातं.

क्रूचे मालक लमार हंट यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तेलाच्या पैशातून आलेला हा टेक्ससचा माणूस कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक होता आणि एमएलएसच्या आधीच्या एनएएसएल या फुटबॉल लीगमध्ये डॅलस टॉर्नेडो हा संघ चालवून त्याने हात पोळून घेतले होते. पेलेला आणून गाजलेली ती लीग १९८४च्या मोसमानंतर बंद पडली.

मे १९९७ मध्ये विक्रीकर तीन वर्षांसाठी अर्धा टक्का वाढवून आइस हॉकीचं अरिना आणि फुटबॉलचं स्टेडियम बांधावं, असा प्रस्ताव कोलंबस परिसरातल्या मतदारांसमोर आला. त्यांनी तो फेटाळला. मग नेशनवाइड या विमा कंपनीने जुन्या तुरुंगाच्या परिसरात खासगी पैशातून अरिना उभारायचं ठरवलं. त्याच्या भाडेकराराच्या अटी हंट यांना पटल्या नाहीत, हॉकीचा संघ दुसऱ्याच उद्योगपतीकडे गेला आणि प्रकरण कोर्टात पोचलं. हंट यांनी मोर्चा शेजारच्या डब्लिन गावाकडे वळवला. १९९८च्या सुरुवातीला तिथल्या मतदारांनीही नाही म्हटलं.

उरली जत्रेची जागा. जमीन राज्याची, भाड्याने मिळालेली. बांधकाम हंट यांच्या पैशातून. ऑगस्ट १९९८ मध्ये काम सुरू झालं आणि १५ मे १९९९ रोजी न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनविरुद्ध पहिला सामना झाला. २४,७४१ प्रेक्षक, क्रूचा २–० विजय. एकूण खर्च २ कोटी ८५ लाख डॉलर. एवढ्या पैशात जे येतं तेच आलं होतं: अॅल्युमिनियमची बाकडी, डोक्यावर छप्पर नाही, शोभेचं काहीही नाही. पण बाकडी मैदानाला चिकटून होती आणि लोक पाय आपटायला लागले की सगळी गॅलरी वाजायची.

त्याचा फायदा राष्ट्रीय संघानेही उठवला. मोठ्या शहरात मेक्सिकोविरुद्ध सामना ठेवला की निम्म्याहून जास्त स्टेडियम हिरव्या जर्सीत दिसायचं. म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये विश्वचषक पात्रतेचा सामना मुद्दाम इथल्या कडाक्याच्या थंडीत ठेवला. अमेरिका २–० जिंकली. २००५, २००९ आणि २०१३ मध्ये याच मैदानावर पुन्हा तोच निकाल लागला.

पुढे लॉस एंजेलिसजवळ कार्सन (२००३), डॅलसजवळ फ्रिस्को (२००५), ब्रिजव्ह्यू (२००६) अशी इतर क्लबांची स्टेडियमं येत गेली. ब्रिजव्ह्यू या शिकागोजवळच्या छोट्या गावाने तर स्टेडियमपायी डोईजड कर्ज करून घेतलं. ही सगळी शहराबाहेरची. पुढच्या दशकात वारं फिरलं आणि स्टेडियम डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, बार आणि बसथांब्यांजवळ हवं झालं. पहिलं आलेलं क्रूचं स्टेडियम आता सगळ्यांत गरीब दिसू लागलं.

२०१३ मध्ये हंट कुटुंबाने क्लब अँथनी प्रिकोर्ट यांना विकला. क्लब दहा वर्षं कोलंबसमध्येच ठेवायची अट करारात होती, पण टेक्ससमधलं ऑस्टिन शहर तिच्यातून वगळलं होतं, म्हणजे तिथे जायची मुभा होती. हे लोकांना बऱ्याच उशिरा कळलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रिकोर्ट यांनी सांगून टाकलं की डाउनटाउनमध्ये स्टेडियम झालं नाही तर संघ ऑस्टिनला जाईल. चाहत्यांनी ‘सेव्ह द क्रू’ मोहीम उभी केली. कायद्याचा आधारही निघाला. १९९५ मध्ये मालक आर्ट मोडेल यांनी ओहायोतलाच क्लीव्हलँड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला हलवण्याचं जाहीर केल्यावर ओहायोने पुढच्या वर्षी कायदा केला होता: सार्वजनिक मदत घेतलेल्या संघाने जाण्याआधी सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घ्यायची संधी द्यावी. मार्च २०१८ मध्ये राज्य आणि शहराने दावा ठोकला. स्टेडियम खासगी पैशाचं होतं खरं, पण जमीन सरकारी, तिच्यावर करमाफी, भाडं बाजारापेक्षा कमी. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली मोठी गंमत इथे आहे: मतदारांनी कराचा पैसा नाकारला म्हणून हंट सरकारी जमिनीवर गेले, आणि तीच जमीन वीस वर्षांनी संघाला धरून ठेवायला कामी आली.

निकाल लागायची वेळच आली नाही. ब्राउन्सचे मालक हॅसलम कुटुंब आणि कोलंबसचे एडवर्ड्स कुटुंब यांनी क्लब घेतला; ऑस्टिनला २०२१ पासून वेगळा नवा संघ मिळाला. क्रूचं नवं स्टेडियम ३ जुलै २०२१ रोजी उघडलं. आसनं सुमारे वीस हजार, म्हणजे जुन्यात शेवटच्या वर्षांत होती तेवढीच. खर्च मात्र ३१ कोटी ४० लाख डॉलर. जागा नेशनवाइड अरिनाच्याच परिसरात. पहिला पाहुणा पुन्हा न्यू इंग्लंड, या वेळी २–२ बरोबरी. शहर, काउंटी (म्हणजे जिल्हा) आणि राज्य या तिघांनीही पैसा घातला, आणि या खेपेला मतदारांना कुणी विचारलं नाही.