हेर्सोनिसोसमागची डोंगरगावे

ग्रीसच्या क्रीट बेटावर, हेर्सोनिसोस या गजबजलेल्या पर्यटनस्थळाच्या पाठीशी किनाऱ्यापासून लासिथी पठाराकडे चढत गेलेली जुनी शेतकरी गावे. हेर्सोनिसोस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, इराक्लिओ शहराच्या पूर्वेस सुमारे २५ किमी. अंतरावर आहे. आज तिथे हॉटेले, बार आणि भाड्याच्या स्कूटरींची दाटी आहे. पण पर्यटन येण्याआधी या भागातली खरी वस्ती वर, डोंगरउतारावर होती.

रोमन काळात किनाऱ्यावर भरभराटीचे बंदर होते. मासेमारीची दृश्ये असलेले त्या काळचे मोझेकचे कारंजे बंदराजवळ अजून पाहायला मिळते. पुढे अरबांच्या स्वाऱ्या आणि चाच्यांचा उपद्रव वाढला तशी माणसे समुद्रापासून दूर सरकली. बिशपचे धर्मपीठही वर पिस्कोपियानो या गावी गेले. समुद्र दिसावा, पण समुद्रावरून येणाऱ्याला गाव सहज गाठता येऊ नये, असा हा बेत.

पिस्कोपियानो, कुतुलुफारी आणि जुने हेर्सोनिसोस ही तीन गावे एकमेकांना जवळजवळ चिकटलेली असून किनाऱ्यावरून पायी तासाभरात सहज गाठता येतात. पांढऱ्या भिंती, बोगनवेल, अरुंद बोळ असे सगळे आहे; मात्र कुतुलुफारीच्या मुख्य गल्लीत आता राहत्या घरांपेक्षा खाणावळी आणि दागिन्यांची दुकानेच जास्त नजरेत भरतात. शेतीची जुनी अवजारे पाहायची तर पिस्कोपियानोतले ग्रामजीवन संग्रहालय बरे.

क्रीटच्या जुन्या घराचा कणा म्हणजे दगडी कमान. छत सपाट आणि मातीचे असे: लाकडी तुळया, त्यांवर काटक्या किंवा वेत, वर चिकणमातीचा जाड थर. खोलीभर पुरेल एवढी लांब तुळई मिळणे कठीण, म्हणून मधोमध कमान उभारून अंतर निम्मे करीत. कमानीच्या एका बाजूला चूल आणि बसणे-उठणे, दुसऱ्या बाजूला धान्य, तेलाचे रांजण, प्रसंगी जनावरेही. आता अशाच कमानींखाली पाहुण्यांची टेबले मांडलेली असतात.

गावपण अनुभवायचे असेल तर आणखी वर जावे. मोहोसच्या चौकात झाडांखाली म्हातारे तावलीचा (फाशांचा पटावरचा खेळ) डाव मांडून बसतात. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे सुट्टीसाठी याच गावी येत. त्यांचे नाव इथल्या रस्त्याला आहे. १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला चौकात लिरा या तंतुवाद्याच्या सुरांवर रात्रभर नाच चालतो. पुढचे क्रासी ओळखले जाते ते तिथल्या अवाढव्य चिनार वृक्षामुळे आणि त्याच्यासमोरच्या दगडी कमानींच्या पाणवठ्यामुळे. बुंध्याला कवेत घ्यायला डझनभर माणसे लागतात.

केरा गावाजवळ मेरीमातेचा कार्डिओतिसा हा मठ आहे. आख्यायिका अशी, की इथली मेरीमातेची आयकॉन (पाटीवर रंगवलेले पवित्र चित्र) तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपलला पळवली, ती परत आली. अखेर तिला खांबाला साखळीने जखडले, तर ती खांब आणि साखळीसकट परतली. ती साखळी आजही मठात आहे. दुखणेकरी ती अंगाभोवती गुंडाळून घेतात, नवस बोलतात. जत्रा ८ सप्टेंबरला भरते. भिंतींवरची चौदाव्या शतकातली चित्रे चुन्याखाली झाकली गेली होती. ती विसाव्या शतकात उघडी झाली. खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर आत जाऊ नये.

गावांत दुपारी साधारण तीन ते सहा सामसूम असते. जेवण संध्याकाळी उशिरा. जवाच्या कडक पावावर टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि ऑलिव्ह तेल घातलेला डाकोस सगळीकडे मिळतो. हा पाव दोनदा भाजलेला असल्याने महिनोन्‌महिने टिकतो. जेवणानंतर छोट्या पेल्यात राकी (द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू) येते, तिचे पैसे सहसा लावत नाहीत. किनाऱ्यावर बस वारंवार धावतात, डोंगराकडे मात्र मोजक्याच. त्यामुळे मोहोसच्या पुढे जायचे तर भाड्याची गाडी लागते, आणि वळणांवर शेळ्या आडव्या येतात.