वलयरचना (चित्रपटांतील)

कथेचा शेवट तिच्या आरंभापाशी आणणारी आणि पूर्वार्धातील प्रसंगांचे पडसाद उत्तरार्धात उलट क्रमाने उमटवणारी कथनरचना. अ–आ–इ–आ–अ अशा मांडणीत ‘इ’ हा वळणबिंदू असतो व कथेचा गाभा बहुधा तेथेच सापडतो. जी कथा केवळ पहिल्या प्रसंगाकडे परतते, तिला चौकट म्हणणे योग्य, वलय नव्हे. हौशी समीक्षेत हा भेद सहसा पाळला जात नाही आणि बराचसा घोळ त्यातूनच होतो.

संकल्पना चित्रपटकलेहून पुष्कळ जुनी आहे. हिब्रू काव्यातील उलट क्रमाच्या समांतर ओळींची चर्चा जॉन जेब याने १८२० मध्ये केली होती. ‘वलयरचना’ या अर्थाची जर्मन संज्ञा ग्रीक साहित्याच्या अभ्यासात रुळली ती मुख्यतः व्हान ओटर्लो या डच अभ्यासकाच्या १९४० च्या दशकातील लेखनामुळे. सेड्रिक व्हिटमनने १९५८ मध्ये होमरच्या संपूर्ण ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याला हे तत्त्व लावले. त्यातील एक जोडी सहज पटते : पहिल्या सर्गात एक बाप खंडणी घेऊन मुलीला सोडवायला येतो आणि त्याला हाकलून लावले जाते, चोविसाव्या सर्गात दुसरा बाप मुलाचे प्रेत मागायला येतो आणि ते त्याला मिळते. मधल्या सर्गांच्या जोड्या मात्र इतक्या सहज जुळत नाहीत.

रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मौखिक परंपरेत गायकाला लांबलचक कथा लक्षात ठेवण्यासाठी ही सोय झाली असावी, हे मत जुने व अजूनही प्रचलित आहे. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस हिने २००७ मधील ग्रंथात या रचनेचा प्रसार दूरदूरच्या संस्कृतींत दाखवला आणि ती ओळखण्याच्या सात खुणा सांगितल्या. मध्यावरचा भार आणि शेवटाची आरंभाशी गाठ या त्यांपैकी दोन. महाभारताच्या बाबतीत क्रिस्टोफर मिंकोव्स्की (१९८९) याने वेगळी वाट धरली. शौनकाच्या सत्रात सौती कथा सांगतो आणि त्या कथेत जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायन भारत सांगतो, या कथेतल्या कथेचे मूळ त्याने वैदिक यज्ञाच्या बांधणीत शोधले. तेथेही एका विधीच्या पोटात दुसरा विधी बसवलेला असतो. हे मत कथेत कथा गुंफण्यापुरते आहे, त्यावरून उलट क्रम सिद्ध होत नाही. तरीही भारतीय सामग्रीसाठी स्मरणसुलभतेपेक्षा ते अधिक उपयोगी वाटते.

चित्रपटांच्या बाबतीत सर्वाधिक चर्चा ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या पहिल्या सहा भागांची (१९७७–२००५) झाली. पहिला भाग सहाव्याशी, दुसरा पाचव्याशी व तिसरा चौथ्याशी जुळतो, असा दावा आहे. पहिल्या व सहाव्या भागांच्या अखेरीस चिता पेटते. दुसऱ्यात बापाचा हात तुटतो, पाचव्यात मुलाचा. हे भाग कवितेप्रमाणे यमक साधतात, असे मालिकेचा निर्माता जॉर्ज लूकस स्वतः म्हणाला होता. परंतु यमक म्हणजे वलय नव्हे. शिवाय चौथा, पाचवा व सहावा भाग आधी निघाले, पहिले तीन नंतर. म्हणजे सममिती असलीच तर ती मागाहून जुळवलेली आहे. ज्यांना धर्मग्रंथांत अशी रचना दिसते, त्यांना तिच्यात कर्त्याचा हेतूही दिसतो, आणि चित्रपटाकडेही ते त्याच श्रद्धेने पाहतात. शोधणाऱ्याला जोड्या सापडतातच, हा आक्षेप दोन्हीकडे लागू आहे.

हिंदी चित्रपटात चौकट विपुल आहे. ‘मदर इंडिया’ (१९५७) कालव्याच्या उद्घाटनाला आणलेल्या वृद्ध राधेपासून सुरू होतो आणि तेथेच येऊन थांबतो. वळणबिंदूची जागा मात्र आपल्याकडे आयतीच आहे : मध्यंतर. ललिता गोपालन यांनी (२००२) मध्यंतराचा कथनाचा घटक म्हणून विचार केला आहे. चहा-वड्यासाठी दिवे लागतात तेथे कथेने वळायचे, हा पटकथाकारांचा जुना शिरस्ता.

यश चोप्रा दिग्दर्शित व सलीम–जावेद लिखित ‘दीवार’ (१९७५) हे या संदर्भात तपासण्याजोगे उदाहरण आहे. पदकप्रदानाच्या समारंभातून कथा मागे जाते व अखेर तेथेच परतते. आत प्रसंगांच्या जोड्या आहेत. ज्या पुलाखाली दोघे भाऊ लहानपणी आईबरोबर राहिले, तेथेच ते मोठेपणी समोरासमोर उभे ठाकतात. लहानपणी आई व धाकटा भाऊ देवळात जातात तेव्हा थोरला विजय बाहेर पायरीवर बसून राहतो. आईच्या आजारपणात तो पहिल्यांदा उंबरा ओलांडतो, तोही देवाशी भांडायला. मरतो तो देवळातच, आईच्या मांडीवर. क्रम पाहिला तर दोन्ही वेळा पूल आधी, देऊळ नंतर. म्हणजे उलट क्रमाच्या कसोटीवर हे वलय ठरत नाही, चौकटीत बसवलेली पुनरावृत्ती ठरते. अर्थ सममितीतून निघत नाही. तीच जागा पुन्हा येते तेव्हा माणूस बदललेला असतो, त्यातून तो निघतो.

विजय काम करतो त्या गोदीतला ७८६ क्रमांकाचा बिल्ला हा दुसरा धागा. अरबी अक्षरांना अंकमूल्ये देणाऱ्या अबजद पद्धतीने ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या वचनाच्या अक्षरांची बेरीज ७८६ धरली जाते, विजयला त्याचे महत्त्व गोदीतला सहकारी रहीमचाचा सांगतो. देवळातला देव नाकारणारा विजय हा बिल्ला मात्र खिशात बाळगतो. एकदा त्यावर आदळून गोळी अडते. शेवटच्या पाठलागात तो हातातून निसटतो आणि भावाची गोळी वर्मी लागते.