धन टोक बॉडीला का? जुन्या गाड्यांतील बॅटरीच्या जोडणीची पार्श्वभूमी

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका घराच्या पडवीत उभी असलेली मॉरिस मायनर काही वर्षांपूर्वी मला अगदी जवळून पाहायला मिळाली. बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली, तांब्याच्या बारीक तारांची विणलेली उघडी पट्टी थेट गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली दिसली. ऋण टोकाची जाड तार मात्र काळ्या आवरणातून सेल्फकडे, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरकडे, गेली होती. नवी बॅटरी बसवताना गावातल्या एका गॅरेजमधील तरुण कारागिराने ही जोडणी चुकलेली समजून उलटी केली होती. गाडी सुरूही झाली, पण थोड्याच वेळात कटआउटचे, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले आणि वीज तयार करणारा डायनामो तापून जळका वास सुटला. त्या मुलाला जे शिकवले होते तेच त्याने केले, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. अडचण एवढीच की ऋण टोक बॉडीला जोडायचे, हा त्याला शिकवलेला नियम त्या गाडीपेक्षा वयाने लहान आहे.

मोटारीत प्रत्येक दिव्याला आणि प्रत्येक यंत्राला दोन-दोन तारा न ओढता परतीचा मार्ग म्हणून लोखंडी सांगाडाच वापरायचा, ही काटकसर फार जुनी आहे. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले की त्यालाच अर्थ म्हणायचे. हे टोक धन असावे की ऋण, याबद्दल पहिली अनेक दशके एकमत नव्हते. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि त्यानंतर बॅटरी हा गाडीचा अविभाज्य भाग झाला, तरी प्रत्येक कारखाना आपल्या समजुतीप्रमाणे वागत राहिला. फोर्डची मॉडेल टी ऋण अर्थची होती, तर 1927 च्या अखेरीस आलेली मॉडेल ए धन अर्थची. त्याच देशात शेवरोले ऋण अर्थवर ठाम राहिली.

ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीकडे विजेच्या बहुतेक सामानाचा पुरवठा असल्याने तिचा निर्णय हाच साऱ्या उद्योगाचा निर्णय ठरत असे. 1930 च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश गाड्या धन अर्थकडे वळल्या. त्यामागे दोन कारणे सांगितली जात. पहिले स्पार्क प्लगचे. प्लगचा मधला दांडा बाहेरच्या कडीपेक्षा जास्त तापतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून मधला दांडा ऋण असेल तर ठिणगी कमी विद्युतदाबावर पडते. हे शास्त्र बरोबरच आहे; मात्र माझ्या मते त्यासाठी अख्ख्या गाडीची अर्थ बदलण्याची गरज नव्हती, कारण ठिणगीसाठी उच्च विद्युतदाब देणाऱ्या कॉइलच्या दोन प्राथमिक तारांची अदलाबदल केली तरी तेच साधते. दुसरे कारण गंजाचे. ओलाव्यात विद्युतप्रवाह असला की धन बाजूचे तांबे झिजते, म्हणून तारा ऋण ठेवाव्यात आणि धन बाजू जमिनीला द्यावी, हा विचार दूरध्वनी खात्यांनीही केला होता आणि टेलिफोन एक्स्चेंजमधील 48 व्होल्टची व्यवस्था आजही धन अर्थचीच असते. गाडीच्या बाबतीत तारा वाचतील, पण झीज पत्र्याच्या वाट्याला जाईल, ही शंका तेव्हापासून आजपर्यंत घेतली जाते.

हे चित्र पालटले ते अर्धवाहकांमुळे. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या मध्यास 6 व्होल्टवरून 12 व्होल्टवर जाताना फोर्ड आणि क्रायस्लर या दोघांनीही 1956 च्या मॉडेलपासून धन अर्थ सोडली. पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ आले आणि डायनामोच्या जागी सिलिकॉन डायोडचा अल्टरनेटर आला. 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटमध्ये तो होता. ही सामग्री ऋण अर्थ गृहीत धरून बनू लागल्यावर ब्रिटनलाही त्याच वाटेने जावे लागले. जग्वार ई-टाइप 1964 मध्ये 4.2 लिटरच्या इंजिनासह आली ती ऋण अर्थ घेऊन, आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीमध्ये हा बदल 1967 च्या अखेरीस झाला.

गोव्यात या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या, म्हणून इथे हा विषय जास्त गुंतागुंतीचा होतो. 19 डिसेंबर 1961 पर्यंत इथे पोर्तुगीज राजवट होती आणि गाड्या मुरगाव बंदरातून थेट परदेशांतून येत. मर्सिडीजच्या टॅक्सी इथल्या रस्त्यांवर सर्रास दिसत, फोक्सवॅगन आणि ओपेलही होत्या. या जर्मन गाड्या ऋण अर्थच्या. त्यांच्याच बरोबरीने मॉरिस आणि ऑस्टिन होत्या, त्या धन अर्थच्या. मुक्तीनंतर उर्वरित भारतातून अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट आल्या. त्यांपैकी पहिलीचा वंश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा, म्हणजे धन अर्थच्या घराण्यातला, तर दुसरीचा इटालियन, ऋण अर्थचा. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जुन्या वायरमनला त्यामुळे दोन्ही पद्धती येत असत आणि ‘प्लस अर्थ की मायनस अर्थ?’ हा त्याचा पहिला प्रश्न असे. तो प्रश्न विचारणारी पिढी आता विरळ होत चालली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘बॅटरी काढताना आधी मायनस सोडा’ हा आजचा सर्वतोमुखी नियमही याच इतिहासात तपासून पाहावा लागतो. मूळ नियम असा की सोडताना अर्थची तार आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. कारण अर्थ जोडलेली असताना दुसऱ्या टोकाचा नट फिरवणारा पाना पत्र्याला टेकला तर बॅटरीचा सगळा प्रवाह पान्यातून वाहतो, मोठी ठिणगी पडते आणि चार्जिंगच्या वेळी साचलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो. म्हणून धन अर्थच्या गाडीत आधी प्लसच सोडावा लागतो.

अर्थ ओळखताना रंगावर विसंबू नये, कारण साठ वर्षांत तारा कितीदा बदलल्या हे रंग सांगत नाही. बॅटरीच्या खुंट्या मात्र खोटे बोलत नाहीत. नेहमीच्या मापाच्या बॅटरीत धन खुंटी वरच्या बाजूला सुमारे 17.5 मिलिमीटर आणि ऋण खुंटी सुमारे 15.9 मिलिमीटर व्यासाची असते. जपानी धर्तीच्या छोट्या बॅटऱ्यांत दोन्ही बारीक असतात, पण तिथेही धन जाडच. पट्टीचा क्लॅम्प, म्हणजे खुंटीवर आवळायची कडी, जाड खुंटीवर नीट बसत असेल तर ती गाडी धन अर्थची असण्याचा संभव मोठा. त्या मॉरिसवर तरुणाने क्लॅम्प उलटे बसवले तेव्हा एक ढिला राहिला आणि दुसरा स्क्रूड्रायव्हर घालून फाकवावा लागला. तिथेच थांबायला हवे होते.

पट्टीचे दुसरे टोकही तितकेच महत्त्वाचे आहे. इंजिन रबरी गादीवर बसलेले असल्याने त्याला सांगाड्याशी जोडणारी वेगळी पट्टी लागते. ती खाऱ्या हवेने कुजली की सेल्फचा प्रवाह चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल हात लावता येणार नाही इतकी तापते. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर ही जोडणी उघडून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा आवळायला हवी.

उलटी बॅटरी जोडूनही गाडी सुरू कशी झाली, याचे उत्तर सेल्फच्या रचनेत आहे. त्यातील फील्ड (स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) या दोन्हींची ध्रुवता एकदम पालटते, म्हणून तो त्याच दिशेने फिरतो. डायनामोच्या लोखंडात मात्र आधीचे चुंबकत्व शिल्लक असते आणि तो जुन्याच दिशेने वीज देतो. कटआउटचे पॉइंट जुळताच बॅटरी आणि डायनामो एकमेकांच्या विरोधात न उभे राहता दोघांचा विद्युतदाब एकत्र येतो आणि पॉइंट वितळून चिकटतात.

त्या मॉरिसला नवा कटआउट बसवल्यावर एका वृद्ध वायरमनने आधी ऋण तार आणि मग विणलेली पट्टी जोडली. डायनामोचे चुंबकत्व योग्य दिशेला असल्याची खात्री व्हावी म्हणून त्याच्या दोन्ही तारा काढून त्याने बॅटरीच्या ऋण टोकाकडून आणलेली तार डायनामोच्या छोट्या टोकाला, ज्यावर एफ कोरलेले असते, दोन-तीन वेळा क्षणभर टेकवली. बारीक निळसर ठिणग्या पडल्या. तारा जागेवर लावून त्याने सेल्फ मारला, ॲक्सिलरेटर थोडा दाबला आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझला.