रुआँच्या तुरुंगातलं तीन पानी टिपण

बैजिक भूमितीत, म्हणजे समीकरणांच्या उकलींनी बनणाऱ्या आकृतींच्या अभ्यासात, ज्यांना 'वेई अटकळी' (सिद्धतेआधी मांडलेले अंदाज) म्हणतात, त्यांची मुळं १९४० मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या तुरुंगात सापडतात. आंद्रे वेई (१९०६–१९९८) तिथे सैन्यभरती टाळल्याच्या आरोपाखाली कैदेत होते. पॅरिसमध्ये संस्कृत शिकलेला, १९३० ते ३२ अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवलेला, गीता मुळातून वाचणारा हा माणूस. युद्धात उतरणं हा आपला धर्म नाही, असं त्यांनी गीतेच्याच आधारे ठरवलं होतं. युद्ध पेटलं तेव्हा ते फिनलंडमध्ये होते. तिथे हेर समजून त्यांना पकडलं आणि अखेर फ्रान्सच्या हवाली केलं.

तुरुंगात ते ज्या प्रश्नाला भिडले, त्याचा छोटा नमुना पाहू. य² = क्ष³ + क्ष + १ हे समीकरण घ्या आणि दोन्ही बाजूंना ५ ने भागून फक्त बाकी जुळते का ते बघा. क्ष = १ ला य मिळत नाही. ०, २, ३, ४ यांना प्रत्येकी दोन मिळतात. झाल्या आठ उकली. वक्र पूर्ण करायला जोडतात तो 'अनंतावरचा' एक जादा बिंदू धरून नऊ. ढोबळ अंदाज ५ + १ (क्षच्या पाच बाक्यांमागे सरासरी एकेक उकल, शिवाय तो जादा बिंदू), म्हणजे सहाचा. फरक तीनचा. अशा समीकरणांच्या वक्रांसाठी हा फरक ५ च्या वर्गमुळाच्या दुपटीपलीकडे, म्हणजे साधारण ४.४७ पलीकडे जात नाही, हे जर्मनीच्या हेल्मुट हासं यांनी १९३० च्या दशकात दाखवलं होतं. अधिक गुंतागुंतीच्या वक्रांसाठीही अशी मर्यादा असते, हे वेईंना सिद्ध करायचं होतं.

एप्रिल १९४० मध्ये त्यांचं तीन पानी टिपण फ्रेंच विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलं. त्यातला कळीचा सिद्धांत मात्र त्यांनी सिद्धतेविना मांडला होता. इटलीच्या कास्तेलनुओव्हो आणि सेव्हेरी यांनी त्याचं रूप संमिश्र संख्यांवर हाताळलं होतं, पण सांत क्षेत्रांवर, म्हणजे वरच्या ५ च्या बाक्यांसारख्या मोजक्याच संख्यांच्या व्यवस्थांवर, त्याला पायाच नव्हता. मे महिन्यात पाच वर्षांची शिक्षा झाली; लढाऊ तुकडीत जायला तयार झाल्यावर ती स्थगित झाली. १९४१ मध्ये ते अमेरिकेला पोचले.

तो पाया रचण्यात पुढची काही वर्षं गेली. त्यातून १९४६ मध्ये बैजिक भूमितीच्या पायाभूत मांडणीचा जाडजूड ग्रंथ आला आणि १९४८ च्या दोन पुस्तकांत सिद्धता पूर्ण झाली. त्या ग्रंथाची परिभाषा पुढे गणितज्ञ अलेक्सांडर ग्रोथेंडीकच्या मांडणीने मागे सारली, म्हणून तो आज फारसा वाचला जात नाही. तरीही माझ्या मते वेईंचं सगळ्यात चिवट काम तेच. स्वतःच्या एका दाव्यासाठी आख्खी शाखा नव्याने बांधायला घेणारे विरळाच.

१९४९ मध्ये त्यांनी वक्रांपलीकडे झेप घेतली: कितीही मितींच्या आकृतीवरच्या उकलींची संख्या त्याच समीकरणांच्या संमिश्र रूपाच्या आकाराशी बांधलेली असते, अशी अटकळ. तिचा एक भाग अमेरिकी गणितज्ञ ड्वोर्क यांनी १९६० मध्ये सोडवला, बरंचसं यंत्र ग्रोथेंडीक आणि सहकाऱ्यांनी घडवलं, आणि सर्वांत अवघड शेवटच्या भागाची पिएर दलीन्य यांची सिद्धता १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली.