मिया मॉटलींना सगळं आयतं मिळालं?

बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली घराण्याच्या जोरावर वर आल्या, असं वर्षानुवर्षं म्हटलं जातं. आजोबा अर्नेस्ट मॉटली ब्रिजटाउनचे महापौर होते, वडील इलियट खासदार, हे खरंच. पण 1991 ची त्यांची पहिली निवडणूक बघा. सेंट मायकेल नॉर्थ ईस्ट मतदारसंघात त्या दोनशेहून कमी मतांनी पडल्या. मतदारांनी आडनाव बघून मतं दिली नाहीत! त्याच जागेवर 1994 मध्ये त्या जिंकल्या आणि तिशीच्या आसपासच शिक्षणमंत्री झाल्या. पुढे 2010 मध्ये स्वपक्षीयांनीच त्यांना विरोधी पक्षनेतेपदावरून काढलं. घराण्याने ओळख दिली असेल. 2018 मध्ये सर्वच्या सर्व 30 जागा मात्र मतदारांनी दिल्या.