नाशिकहून स्पर्धा कायद्याच्या वकिलीकडे: पात्रता, कागदपत्रं, सनद आणि पुढचं काम

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. कार्टेल (कंपन्यांनी संगनमताने भाव किंवा बाजार ठरवणं), मक्तेदारीचा गैरवापर, कंपन्यांची विलीनीकरणं ही स्पर्धा कायद्याची प्रकरणं. त्यांची वकिली करायला कुठलंही वेगळं लायसन्स लागत नाही. नाशिकच्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात भाडेकरूचा दावा चालवणाऱ्या वकिलाकडे जी सनद (वकिलीचा परवाना) असते, तीच दिल्लीत ही प्रकरणं ऐकणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगापुढे चालते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३० १५ जून २०११ पासून लागू आहे. त्यानुसार महाराष्ट्रात नोंदलेल्या वकिलाला देशभरातल्या न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत उभं राहता येतं. त्यामुळे ‘कॉम्पिटिशन लॉची सनद’ मिळवून देतो म्हणून कुणी महागडा सर्टिफिकेट कोर्स गळ्यात मारत असेल, तर नमस्कार करून पुढे चला. कोर्स ज्ञानासाठी करायचा तर खुशाल करा. अधिकार मात्र त्यातून मिळत नाही.

हे क्षेत्र आपल्यापासून लांबचं आहे असंही समजू नका. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. तक्रारीचं मूळ साधं होतं: अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळत नाहीत. मुंबई नाक्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, तो हा प्रश्न तुम्हाला कायद्याच्या पुस्तकापेक्षा चांगला समजावून सांगेल. सातपूर-अंबडमध्ये मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे शेकडो लघुउद्योजक आहेत, लासलगाव-पिंपळगावात कांद्याचे लिलाव आहेत, औषधविक्रेत्यांच्या संघटना आहेत. कायदा लागू होईल असे व्यवहार इथे रोज होतात, ते ओळखणारे वकील मात्र थोडे आहेत.

प्रवेशाची पात्रता

दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी. दोन्हींसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा असते आणि त्यानंतर कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून कॉलेज मिळतं. किमान गुण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. पाच वर्षांसाठी हे गुण बारावीचे धरतात, तीन वर्षांसाठी पदवीचे. परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नाशिकमध्ये कॉलेज रोडचं एन.बी.टी. आणि मविप्र समाजाचं विधी महाविद्यालय ही परिचयाची नावं. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. माझं मत विचाराल तर या क्षेत्रासाठी बी.कॉम. करून तीन वर्षांचं एलएलबी ही जोडी उत्तम. दंड उलाढालीवर ठरतो आणि बाजारपेठेतला हिस्सा आकडेवारीवरून काढतात. ताळेबंद पाहून घाबरणाऱ्या वकिलाचं इथे अवघड आहे.

आता नाशिककरांच्या खास उपयोगाचा मुद्दा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच शहराजवळ, गोवर्धनला आहे, त्यामुळे तिथून पदवी घेतलेले इच्छुक इथे खूप भेटतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम ५ त्यांनी नीट वाचावा. दहावी, मग बारावी आणि त्यानंतर मुक्त विद्यापीठाची पदवी असा क्रम असेल तर काही अडचण नाही. दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी चालते. पण बारावी न होता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसला असाल तर ती पदवी एलएलबीसाठी धरत नाहीत. पदवी खोटी ठरते असं नाही. सरकारी नोकरीच्या अर्जाला ती चालली म्हणून इथेही चालेल, हा हिशेब मात्र चुकतो. आणि हे कळतं कधी? बऱ्याचदा कागदपत्रांच्या पडताळणीत, सीईटीचा अभ्यास आणि फी दोन्ही झाल्यावर. उपाय एकच, आधी बारावी करा आणि त्यानंतर नव्याने पदवी घ्या.

नोकरी सांभाळून एलएलबी करणाऱ्यांनी हजेरीचा नियम लक्षात ठेवावा. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. एलएलबीसोबत दुसरा नियमित अभ्यासक्रमही करता येत नाही.

प्रवेशाची कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, फोटो, सही. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या प्रवर्गांना लागू आहे त्यांना नॉन-क्रिमिलेअरही. आर्थिक दुर्बल घटकांसाठी तहसीलचा दाखला. खरी दमछाक वैधतेची होते. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांची प्रकरणं जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातात, तर अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते. पेठ, सुरगाणा, कळवणच्या मुलांनी चुकीच्या खिडकीवर फाइल देऊन दोन महिने घालवू नयेत. सीईटीचा फॉर्म भरता त्याच आठवड्यात वैधतेचा अर्जही टाका. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला लागणारा वेळ कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो.

सनद

एलएलबीचा निकाल लागला की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करायचा. कायद्याच्या अटी मोजक्या आहेत: भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि मान्यताप्राप्त कायद्याची पदवी.

शुल्काबाबत ३० जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक नव्या वकिलाने माहीत करून घ्यावा. राज्य बार कौन्सिलांना कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क वेगळं. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हजारोंनी रुपये मोजावे लागत. अजून पगारही नसलेल्या मुलांवर तो भुर्दंड होता.

कागदपत्रांत दहावीपासून एलएलबीपर्यंतच्या सर्व गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, वकिलांनी दिलेले चारित्र्याचे दाखले, गुन्हा दाखल आहे की नाही याचं आणि नोकरी-धंद्याबाबतचं प्रतिज्ञापत्र, फोटो. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावात. दहावीला आडनाव आधी, पदवीला वडिलांचं नाव गायब, लग्नानंतर आधारवर वेगळंच आडनाव. ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र छोट्या फरकाला चालून जातं. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा.

नोकरीचं काय? पूर्णवेळ पगारी नोकर राहून वकिली करता येत नाही. अंबडच्या कारखान्यात लीगल ऑफिसर म्हणून पगार घेत असाल तर सनद स्थगित ठेवावी लागते आणि नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करून घेता येते. कुणाला पत्ता लागत नाही या भरवशावर दोन्ही चालवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोठ्या व्यापारी दाव्यात समोरची बाजू मात्र तुमचं सगळं खोदून काढते.

एआयबीई

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा (एआयबीई) दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली. १०० बहुपर्यायी प्रश्न; उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. मराठीतूनही देता येते. टिपा न लिहिलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. पेन्सिलीने समासात लिहिलेली प्रत दारावरच काढून घेतील, म्हणून कोरी प्रत वेगळी ठेवा. परीक्षा झाली की सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळतं आणि औपचारिक पात्रता इथे संपते.

नाशिकमध्ये राहून हात कुठे बसवायचा

व्यापारी न्यायालये अधिनियम, २०१५ मध्ये २०१८ ला दुरुस्ती झाली आणि दाव्याच्या मूल्याची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. सातपूरच्या पुरवठादाराचं थकलेलं बिलसुद्धा आता व्यापारी दावा होऊ शकतं. गुंतागुंतीच्या व्यापारी वकिलीची खरी शाळा ही आहे, आणि तिला दिल्लीचं तिकीट लागत नाही.

इथली प्रक्रिया कडक आहे. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दावा दाखल करण्याआधी कलम १२अ नुसार मध्यस्थीला जावंच लागतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं, आणि मध्यस्थीशिवाय आणलेला दावा फेटाळला जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज आणि एक हजार रुपये शुल्क भरायचं. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो. तो दाव्याला जोडा. मध्यस्थीत गेलेला काळ दावा दाखल करण्याच्या मुदतीत मोजत नाहीत.

प्रतिवादीकडून उभे असाल तर कॅलेंडर भिंतीवर लावा. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, न्यायालयाच्या परवानगीने फार तर १२० दिवसांत. १२१ व्या दिवशी न्यायाधीशांनाही ती घेता येत नाही. साध्या दिवाणी दाव्यात तारखेवर तारीख घेण्याची सवय लागलेल्या वकिलाचा इथे घात होतो. उच्च न्यायालयाच्या कामाला नाशिकहून मुंबईच गाठायची, खंडपीठ आपल्या वाट्याला नाही.

विद्यार्थिदशेतच दिल्लीचं काम बघायचं तर स्पर्धा आयोग महिनाभराची इंटर्नशिप देतो. अर्जाला तुमच्या संस्थेचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा प्राचार्यांची सही सुट्टी लागण्यापूर्वी घ्या.

आयोगापुढचं काम

स्पर्धा अधिनियम, २००२ ची कलम ३ आणि ४ ही मुख्य कलमं २० मे २००९ पासून अमलात आली. पहिलं स्पर्धाविरोधी करारांचं, दुसरं वर्चस्वाच्या गैरवापराचं. कलम १९ खाली कुणीही ‘माहिती’ दाखल करू शकतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांत ती द्यावी लागते, उशिरासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं. आयोगाला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर तो आपल्या तपास यंत्रणेच्या महासंचालकांना तपास करायला सांगतो, नाहीतर प्रकरण तिथेच बंद.

म्हणजे सगळी मदार पहिल्या कागदांवर. आणि इथे नाशिकच्या वकिलाची बाजू वरचढ ठरू शकते. समजा, एखाद्या तालुक्यातल्या व्यापारी संघटनेने ठराव केला की अमुक भावाच्या वर कुणी बोली लावायची नाही. तो ठराव मराठीत, हस्ताक्षरात, वहीत असतो. सोबत व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप, लिलावाच्या दिवसाच्या पावत्या, बाजार समितीची भाव-नोंद. दिल्लीच्या मोठ्या फर्मला हे कागद मिळवायला आणि वाचायला माणूस शोधावा लागतो. तुम्ही ते तारखेच्या क्रमाने लावा, प्रत्येक मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा आणि भाव जुळतात तो दिवस ठळक दाखवा. मात्र नुसते सारखे भाव म्हणजे कार्टेल नव्हे. एकाच मंडीत, एकाच दिवशी, एकाच मालाचा भाव सारखा असणं स्वाभाविक आहे. संगनमत दाखवणारा कागद हवा.

आयोगापुढे फक्त वकीलच उभे राहतात असं नाही. कलम ३५ नुसार चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट यांनाही अधिकार आहे, त्यामुळे स्पर्धा कायद्यातली स्पर्धाही लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने प्रकरण दाखल करायचं तर अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड व्हावं लागतं: चार वर्षांची वकिली, मग अशाच वकिलाकडे एक वर्षाचं प्रशिक्षण आणि वर परीक्षा.

आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात ६० दिवसांत करायचं. मे २०१७ पर्यंत यासाठी वेगळं स्पर्धा अपील न्यायाधिकरण (कॉम्पॅट) होतं, जुने निकाल वाचताना ते नाव दिसेल. आणि दंडाविरुद्ध अपील करायचं तर दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. दंड सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, कार्टेलमध्ये त्याहूनही वर. अंबडच्या कारखानदाराला ही २५ टक्क्यांची अट निकालाच्या दिवशी सांगू नका. वकालतनाम्यावर सही घेता त्याच बैठकीत सांगा आणि तिचा उल्लेख फीच्या पत्रातही करा.